पुढच्या ब्रेकचा दोरा

“सर, तुमच्या उजव्या पायाला बोटं किती?”

मी खाणीच्या काठावर हेल्मेट काखेत धरून उभी होते. डोईफोडे सर वाकून माझ्या गाडीच्या पुढच्या ब्रेकला दोरा बांधत होते. प्रश्न माझा नव्हता. माझ्या वर्गातल्या तबस्सुम आणि केतकी मागं एका दगडावर बसून कान टवकारून ऐकत होत्या. विचारलं नाही तर आठवडाभर दोघींचे डबे मी घासायचे, असं ठरलं होतं. सर उजव्या पायातला बूट कधीच काढत नाहीत, हे अख्ख्या आठवीला माहीत होतं. लग्नाच्या पंगतीतसुद्धा ते उभ्यानं जेवतात म्हणे. केतकीच्या मते त्या पायाला सहा बोटं होती. तबस्सुमच्या मते एकही नव्हतं.

सरांनी गाठ मारली, उरलेला दोरा दातांनी तोडला आणि वर बघितलं.

“कुणी विचारायला लावलंय?”

“कुणी नाही. मीच विचारतेय.”

“खोटं बोलताना तू हनुवटी वर करतीस, उर्जिता.”

मी हनुवटी खाली घेतली. मागून खिदळल्याचा आवाज आला.

“दोरा न तोडता पाटा उतर,” सर म्हणाले. “मग बूट काढतो. मोज तुझी तूच.”

एरवी मी पण हसले असते. पण आम्ही जिथं उभे होतो तिथूनच पाटा, खाणीतला तो काळा उतार, सुरू होत होता.

ही दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आता मी दहावीत आहे आणि वर्गात कुणीही काही विचारलं तर पहिला हात माझा असतो. पण त्या दिवसाच्या चार महिने आधीपर्यंत मी शेवटच्या बाकावरची, हजेरीला ‘उपस्थित’सुद्धा पुटपुटणारी मुलगी होते. मग शाळेच्या क्रीडादिनाला डोईफोडे सर पाहुणे म्हणून आले. आमच्या हुपरीत त्यांचं दुचाकीचं गॅरेज आहे. त्यांनी एक काटकुळी, सीट नसलेली मोटरसायकल आणली आणि स्टेजच्या पायऱ्या चढून, वर जागच्या जागी वळून, तशीच खाली उतरवली. पाय एकदाही टेकला नाही. टाळ्या थांबल्यावर त्यांनी माईकवर विचारलं, कुणाला शिकायचंय? अख्ख्या मैदानात एक हात वर झाला आणि तो माझा आहे हे मला जरा उशिरानंच कळलं.

घरी समजावून सांगताना जीव गेला. ट्रायल्स हा मोटरसायकलचा खेळ, पण शर्यत नाही. वेगाचा संबंध नाही, उलट जितकं हळू तितकं चांगलं. दगडधोंड्यांवरून गाडी न्यायची आणि पाय जमिनीला टेकू द्यायचा नाही. टेकला की गुण गेले.

सरांनी दाखवायला आणलेल्या गाडीभोवती एक फेरी मारून आई म्हणाली, “सीट कुठाय?”

“नसते.”

“मग बसायचं कुठं?”

“बसायचंच नसतं. उभं राहायचं.”

आई पप्पांकडे वळली. “ऐकलंत? बसायला जागा नाही आणि शिकवणाऱ्याचं आडनाव डोईफोडे. आणि हिला पाठवा म्हणे.”

पप्पा चांदीचे पैंजण करतात. घरापुढच्या खोलीतच त्यांचा कारखाना आहे. त्यांनी हातातल्या पैंजणावर फुंकर मारली आणि म्हणाले, “बघू.” पप्पा सगळ्यालाच बघू म्हणतात. त्याचा अर्थ हो असतो की नाही, ते शेवटपर्यंत कळत नाही.

शेवटी आईनं एका अटीवर सोडलं. “पड, धडपड, मळून ये. पण अंगावर रक्त दिसलं की त्या दिवशी गाडी त्यांच्या दारात परत. मला परत विचारायचं नाही.” मी कबूल झाले. सरांनी त्यांची जुनी गाडी मला वापरायला दिली. ती आमच्या कारखान्याच्या ओसरीत असायची आणि दर रविवारी सर पिकअप घेऊन मला आणि गाडीला खाणीवर न्यायचे.

पहिले दोन महिने मी गाडी चालवलीच नाही, नुसती उभी राहिले. गाडी चालू, एका बोटानं क्लच धरलेला, आणि उजव्या पायाखाली मागचा ब्रेक. गाडीला पुढं जायचं असतं, ब्रेक तिला जाऊ देत नाही, आणि त्या ओढाताणीत गाडी जागच्या जागी तोल धरते. “अंगठ्याखाली पापड ठेवलाय असं समज,” सर सांगायचे. “दाबायचा, पण मोडायचा नाही.” माझे पापड रोज मोडायचे.

आणि पुढच्या ब्रेकचा दोरा. सायकल चालवणारी सगळी पोरं घाबरली की पुढचा ब्रेक दाबतात. उतारावर तो जोरात दाबला की गाडी कोलांटी मारते. म्हणून सर ब्रेकचा लिव्हर साध्या पांढऱ्या दोऱ्यानं पुढच्या पत्र्याला ताणून बांधायचे. लिव्हर ओढला की दोरा तुटणार, मग लपवायला जागा नाही. दोऱ्याचं रीळ मीच घरून न्यायचे, पैंजणांचे जोड बांधायचा दोरा. डिसेंबरात पुण्याकडं मुलामुलींची स्पर्धा होती. सर मला आणि दुसऱ्या शाळेतल्या दोन मुलांना शिकवत, पण नाव त्याचंच देणार होते जो दोरा न तोडता पाटा उतरेल. ते दोघे आधीच उतरून मोकळे झाले होते. माझे दोनच रविवार उरले होते, आणि हा त्यातला पहिला.

पाटा म्हणजे खाणीतली एक सलग काळी शिळा. वाटण वाटायचा पाटा तिरका करून ठेवावा तशी. वरून बघणं म्हणजे आमच्या घराच्या गच्चीवरून खाली बघण्यासारखं होतं. मध्ये सरांनी चुन्याच्या दोन रेघा मारल्या होत्या. प्रत्येक रेघेवर पूर्ण थांबायचं, सर ‘हां’ म्हणाले की पुढं. खाली थोडी वाळू, आणि वाळूला लागून खाणीत साचलेलं हिरवं पाणी.

“ब्रेक बघितलास?” सरांनी विचारलं.

मी सपाटीवर गाडी पुढं घेतली, मागचा ब्रेक दाबला. थांबली. जरा उशिरा थांबल्यासारखं वाटलं, पण त्या दिवशी मला सगळंच उशिरा झाल्यासारखं वाटत होतं. गाडी मात्र सुंदर दिसत होती. सकाळी ओसरीत आले तेव्हा मी ओळखलीच नाही. टाकी, नळ्या, चाकाच्या तारा, सगळं लखलखत होतं. मागच्या चाकाची तबकडी, ब्रेक जिला पकडतो ती, तर अशी की तिच्यात माझं हेल्मेट वाकडं दिसत होतं. शनिवारी सर चेन बघायला येणार होते, त्यांनीच धुतली असणार असं मी धरलं. पप्पा पाठमोरे बसून कड्या जोडत होते. मी म्हटलं, “येते.” ते म्हणाले, “बघू.” येण्यात काय बघायचंय ते मला कळलं नाही.

“चल,” सर म्हणाले. ते शिळेच्या कडेनं चालत खाली जाऊन पहिल्या रेघेजवळ थांबले.

मी हेल्मेट घातलं. केतकी ओरडली, “उर्जे, सहा असतील तर माझा वडापाव.”

पुढचं चाक काठावरून खाली गेलं आणि त्यांचा आवाज बंद झाला. म्हणजे त्या बोलतच असणार, मला ऐकू येईना. गुडघे सैल, कंबर मागं, नजर खाली नाही तर समोर. पायाखाली पापड. गाडी मुंगीच्या पावलानं उतरायला लागली. डावीकडं सरांचे बूट दिसले. पहिली रेघ. मी पाय दाबला.

गाडी थांबली. मग बोटभर घसरली. मग थांबली.

“थांब म्हटलं की थांब. घसरतीस कशाला?”

“दाबलाय सर.”

“अजून दाब.”

दाबला. थांबून राहिली. इतक्या जोरानं आधी कधी दाबावा लागला नव्हता. मला वाटलं, मी घाबरलेय म्हणून.

“हां.”

मी पाय जरासा सैल केला आणि गाडी एकदम सुटल्यासारखी निघाली. परत दाबला. वेग कमी झाला, पण लोण्यात सुरी फिरावी तसं काहीतरी पायाखाली नुसतं सरकत होतं. दुसरी रेघ माझ्याकडं येत होती. मी दाबला. अजून दाबला. बुटाचा तळवा वाकेपर्यंत दाबला. पापडाचा चुरा झाला होता आणि गाडी थांबत नव्हती. रेघ चाकाखालून निघून गेली.

“उर्जिता, ब्रेक!”

खाली हिरवं पाणी होतं आणि ते मोठं होत होतं. डावा पाय गाडीच्या पायरीवरून उचलल्यासारखा झाला. टेकवावा, नुसता टेकवावा. तो मी परत खाली दाबला. मग डाव्या हाताचं बोट क्लचवरून सोडून दिलं.

इंजिननं मागचं चाक पकडलं. गाडीला असा हिसका बसला की माझे दात एकमेकांवर आपटले. मागचं चाक एकदा उजवीकडं सरकलं, परत सरळ झालं. वेग अर्धा झाला. अर्धाच. वाळू जवळ आली होती.

उजव्या हाताचं एक बोट लिव्हरवर गेलं. दोरा मला बोटाखाली लागला. अजून तुटला नव्हता. तो बोटाखाली होता तेवढ्या वेळात मला आमच्या घरातलं रीळ दिसलं, सरांचे दात दिसले, पुणं दिसलं. मग मी कंबर होती नव्हती तेवढी मागं नेली आणि बोट वळवलं. हळू. पापडासारखं.

तट्.

गाडी वाळूत आली, वाळू कापत गेली, आणि पुढचं चाक पाण्यात शिरून उभी राहिली. इंजिन बंद पडलं. एकदम इतकं शांत झालं की वर कुठंतरी टिटवी ओरडत होती ती ऐकू आली. मी पायऱ्यांवर उभी होते. दोन्ही पाय वर. टेकला नव्हता.

मग मी डावीकडं कलंडले आणि गाडीसकट पाण्यात पडले.

सर धावत पाण्यात शिरले. “हलू नकोस. मान हलव. हात हलव.”

“हलू की नको, सर?”

“बोलतीयास म्हणजे बरी आहेस.” त्यांनी मला दंडाला धरून उठवलं. डावं कोपर दगडावर आपटलं होतं. बाही फाटली होती आणि त्यातून लाल रेघ मनगटाकडं येत होती. ती बघून मला दुखलं नाही, आई दिसली.

तबस्सुम आणि केतकी काठाकाठानं धावत खाली आल्या. तबस्सुमनं ओढणी पाण्यात भिजवून, पिळून माझ्या कोपराला बांधली. सरांनी गाडी ओढून वाळूत उभी केली, मग धापा टाकत दगडावर बसले. त्यांचे दोन्ही बूट पाण्यानं भरले होते. त्यांनी डावा काढून पालथा केला. मग उजवा काढला. ओला मोजा सोलून काढला आणि पिळला.

आम्ही तिघी त्या पायाकडं बघायला लागलो. सरांच्या ते लक्षात आलं. त्यांनी पाय पुढं केला.

“मोजा.”

“चार,” केतकी बारीक आवाजात म्हणाली. करंगळी नव्हती. तिच्या जागी गुळगुळीत काहीतरी होतं. “म्हणजे कुणीच जिंकलं नाही.”

“कशानं गेलं, सर?” मी विचारलं. हा प्रश्न मात्र माझा होता.

“असाच उतार होता. ब्रेक लागंना, म्हणून पाय टेकवला. बोट दगडाच्या फटीत राहिलं आणि गाडी पुढं गेली.” ते मोजा झटकत माझ्याकडं बघत होते. “तू का नाही टेकवलास?”

“माहीत नाही. सुचलं नाही.”

“सुचलं नाही कसं? क्लच काय आपोआप सुटला?”

मला गालातल्या गालात हसू यायला लागलं होतं. “मग माझं नाव देणार?”

सरांनी मानेनं गाडीकडं खूण केली. ब्रेकच्या लिव्हरवरून दोऱ्याचं तुटकं टोक लोंबत होतं.

“दोरा तुटला.”

“पण ब्रेक लागत नव्हता.”

“म्हणून तोडलास ते बरोबर केलंस. माझ्या ध्यानात राहील. पण तुटला तो तुटला. पुढच्या रविवारी परत.” ते अनवाणीच उठले आणि मागच्या चाकापाशी बसले. “आता हा का लागंना ते बघू.”

त्यांनी तबकडीवरून अंगठा फिरवला. दोन बोटांत चोळून बघितलं, वास घेतला, कपाळाला आठ्या घातल्या. “तेल नाही हे. मेणकट कायतरी आहे. गाडी कुणी पुसली?”

“तुम्ही नाही? शनिवारी?”

“शनिवारी मी आलोच नाही की.”

मी त्यांच्या शेजारी बसले आणि तबकडीला नाक लावलं. पाण्यात बुडूनही वास गेला नव्हता. तो वास मला पाळण्यात असल्यापासून माहीत आहे. पैंजण चकचकीत करायला फिरत्या कापडी चाकावर धरतात, त्या चाकाला मेणाची पांढरी वडी लावतात. पप्पांच्या शर्टाला, हातांना, मला ताप आला की कपाळावर ठेवलेल्या तळव्याला तोच वास असतो. ते मेण नुसत्या पाण्यानं जात नाही. चांदी रिठ्याच्या पाण्यात घासली तरच निघतं.

“उर्जिता, कुणी पुसली?”

“माहीत नाही, सर.”

सरांनी माझ्या हनुवटीकडं बघितलं.

“बरं,” ते म्हणाले. “माहीत झालं की त्यांना सांग, हात लई चांगलाय, पण ही एवढी तबकडी चमकवायची नसती. ब्रेकचे पॅड मी काढून नेतो. घासून बघतो, नाहीतर नवे घालतो.”

येताना पिकअपमध्ये तबस्सुम आणि केतकी पुढं सरांशेजारी बसल्या, मी मागं गाडी धरून. सूर्य कलला होता आणि गाडीवरचं पाणी वाळत चाललं होतं. जिथं वाळलं तिथं ती परत चमकायला लागली. पायऱ्यांच्या खालचे, कुणाच्या नजरेलाही पडणार नाहीत असे स्क्रूसुद्धा चमकत होते. चार महिन्यांत पप्पांनी मला गाडीबद्दल एकही प्रश्न विचारला नव्हता. मी पण आपणहून काही सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, त्यांना बघायचंच नाहीये.

आई ओसरीत बसून पैंजणांना घुंगरू लावत होती. पप्पा आत त्यांच्या जागेवर, पण आज तोंड दाराकडं होतं. सरांनी आणि मी गाडी उतरवून ओसरीत लावली. “पोरीनं डोकं शाबूत ठेवून गाडी थांबवली,” एवढंच सर आईला म्हणाले. डोईफोडेंच्या तोंडून ते ऐकून आईला हसू यायला हवं होतं. आलं नाही. सर गेले.

“ओली कशानं?”

“पाण्यात पडले.”

“आणि ही कुणाची ओढणी?”

“तबस्सुमची.”

आईनं पक्कड खाली ठेवली, उठली आणि गाठ सोडली. ओढणीवर तळहाताएवढा डाग होता. कोपरावरचं रक्त सुकलं होतं, पण होतं. तिनं ते बघितलं आणि माझा हात सोडला नाही.

“आपलं काय ठरलं होतं?”

“रक्त दिसलं की गाडी परत.”

“मग?”

आतून पप्पा उठून आले. हात पुसायला घेतलेलं फडकं तसंच मुठीत होतं. ते माझ्याकडं बघत नव्हते, गाडीकडं बघत होते.

“गाडी…” ते म्हणाले आणि थांबले. “गाडी बरोबर होती ना?”

चार महिन्यांतला पहिला प्रश्न. आई पप्पांकडं बघायला लागली, मग गाडीकडं, आणि मला दिसलं की ती गाडी आता पहिल्यांदा नीट बघतेय. खरं सांगितलं तर आईचा राग माझ्यावरून पप्पांवर जाणार होता आणि माझी गाडी वाचणार होती. आणि पप्पा परत कधी ओसरीतल्या त्या कोपऱ्याकडं फिरकले नसते. नाही सांगितलं तर गाडी आजच सरांच्या दारात.

मला एकदम शाळेचं मैदान आठवलं. हात वर झालेला आणि तो कुणाचा आहे हे कळायच्या आधीचा तो क्षण. या वेळी कुणाचा ते मला आधीच माहीत होतं.

“गाडीसारखी गाडी नव्हती आज तिथं, पप्पा. सर म्हणाले, पुसणाऱ्याचा हात लई चांगलाय.” हनुवटी जिथं होती तिथंच होती. “आई, ठरलं होतं ते बरोबर आहे. मी मोडतेय. ओरडायचं तेवढं ओरड, पण मी विचारत नाहीये, सांगतेय. पुढच्या रविवारी मी परत जाणार आणि तो उतार उतरणार. तुम्ही दोघांनी यायचं, खाली वाळूत उभं राहायचं आणि काय करते ते डोळ्यांनी बघायचं. परत रक्त दिसलं तर गाडी मीच ढकलत नेऊन देईन. आणि शनिवारी गाडी मी आणि पप्पा दोघं मिळून पुसणार. ती मागच्या चाकाची तबकडी तेवढी मी एकटी धुणार. रिठ्याच्या पाण्यानं.”